गया सिस्टर आणि कणकेचा हात

गया सिस्टर शीर शोधताना डोळे मिटून घ्यायच्या. दुपारची वेळ, वीज गेल्यामुळे वॉर्डातले पंखे थांबलेले, बाहेर कडुनिंबावर होले घुमताहेत, आणि सलाईनच्या स्टँडखाली ही ठेंगणी, सावळी बाई कुणाचा तरी हात मांडीवर घेऊन डोळे मिटून बसलेली. नव्या माणसाला वाटायचं, सिस्टरला डुलकी लागली. मलाही पहिल्या दिवशी तसंच वाटलं होतं. मी मनात म्हणाले होते, झालं कल्याण.

मी नाशिककडची. डॉक्टर होऊन नुकतीच परभणी जिल्ह्यातल्या एका ग्रामीण रुग्णालयात रुजू झाले होते. नामांतराच्या आंदोलनाची वर्षं होती ती. अधूनमधून रस्ते बंद व्हायचे, एसटी आगारातून बाहेर पडायची नाही आणि मला घरचं पत्र पंधरा-पंधरा दिवस मिळायचं नाही. शरीररचनेच्या विषयात मला कॉलेजात पदक मिळालं होतं आणि ते मी ट्रंकेत तळाशी ठेवून सोबत आणलं होतं. हातातल्या प्रत्येक शिरेचं पुस्तकी नाव मला पाठ होतं. शीर मात्र सापडत नव्हती.

गॅस्ट्रोची साथ होती. सात-आठ वर्षांची एक मुलगी जुलाबांनी सुकून गेली होती. तिच्या हाताला मी तीनदा टोचलं होतं आणि चौथ्यांदा सुई आत घालून इकडंतिकडं चाचपत होते. तिची आई माझ्याकडे बघत नव्हती, हे मला जास्त लागत होतं. तेवढ्यात मागून शांत आवाज आला.

"बाई, सुई कुठं हाय?"

"आतच आहे की."

"आत कुठं?"

"शिरेत... असेल."

"असंल म्हंजे? ठाव न्हाई तुमाला? मग ढकलायलाव कामून?"

आवाज चढलेला नव्हता, म्हणून तर मला जास्त राग आला. त्यांनी माझ्या हातातली सुई हळूच मागं घेतली, कापूस दाबला, मुलीचा दुसरा हात मांडीवर घेतला आणि डोळे मिटले. बराच वेळ काहीच झालं नाही. त्यांची बोटं तेवढी कातडीवरून इतकी सावकाश सरकत होती की बघता बघता मलाच झोप आल्यासारखं झालं. मग त्यांनी डोळे उघडले, सुई घातली, एकदा थांबल्या, बाहेर राहिलेल्या सुईकडे नीट पाहिलं आणि अर्ध्या जवाएवढी पुढं नेली. नळीत रक्त आलं. मुलीची आई रडायला लागली आणि मी बाहेर जाऊन व्हरांड्यात उभी राहिले.

संध्याकाळी त्या माझ्या खोलीवर आल्या, परातीत कणकेचा गोळा घेऊन. मला वाटलं, पोळ्या करून घालणार. त्यांनी पपईच्या पानाचा पोकळ देठ घेतला, त्यात लाल शाईचं पाणी भरलं, दोन्ही टोकं दोऱ्यानं आवळली आणि भोवती कणीक थापून मनगटापासून कोपरापर्यंतचा एक हात तयार केला. वरून ओलं फडकं घातलं.

"घ्या. ह्यात सुई घाला. रग गावली तर लाल पानी येतंय."

त्या शिरेला रगच म्हणायच्या. मी सुई घातली. पाणी आलं नाही.

"थांबा. आता ढकलू नका. सुईचं टोक कुठं हाय ते सांगा. फडक्यावर बोट ठिवा."

मी बोट ठेवलं. त्यांनी तिथं शाईचा ठिपका दिला, फडकं काढलं आणि परातीतच सुरीनं कणकेचा हात सुईच्या कडेकडेनं अलगद चिरला. टोक माझ्या ठिपक्यापासून बोटभर पलीकडं, खाली परातीला टेकलं होतं. मला हसू आलं आणि लाजही वाटली.

"सगळे रग हुडकत्यात," त्या म्हणाल्या. "रग कुठं जायली? ती हाय तितंच हाय. हारपती ती सुई. बाहेर किती उरली ते बगायचं, म्हंजे आत किती गेली ते कळतंय. अन् टोक कळंना झालं की थांबायचं. तितंच."

पुढचे दोन महिने रोज संध्याकाळी कणीक, देठ, शाई. दवाखान्यात माझी यथेच्छ थट्टा झाली. डॉक्टरबाई पदक घेऊन आल्या आणि आता भातुकली खेळतात, असं शिपाई उघड म्हणायचा. चिरलेली कणीक गया सिस्टर पदरात बांधून न्यायच्या आणि घरामागच्या शेळीला घालायच्या. त्या शेळीचं तोंड कायम लाल असायचं.

त्यांचं घराणं मेंढपाळांचं, चारठाण्याच्या बाजूचं. बाप मेंढरं घेऊन आठ-आठ महिने रानात. आजारी मेंढीच्या मानेची रग लोकरीतून चाचपून तिचं बरंवाईट ओळखायचं काम त्यानं या लेकीला शिकवलं होतं. "लोकरीत डोळे काय कामाचे?" असं त्या म्हणायच्या. डोळे मिटायची सवय तिथली. त्या शिकल्या कशा, नर्स झाल्या कशा, हे मी विचारलं की त्या "झालं कसं तरी" म्हणून विषय बदलायच्या. नवऱ्याबद्दल तर विचारायचीच सोय नव्हती.

बोलण्यात त्या काटकसरी होत्या आणि सुई कातडीखाली असताना तर कुणालाच बोलू द्यायच्या नाहीत. एकदा तपासणीला आलेले मोठे साहेब वॉर्डात उभे राहून स्वच्छतेवर भाषण देत होते. गया सिस्टर एका म्हातारबाला सलाईन लावत होत्या. डोळे न उघडता त्या म्हणाल्या, "साहेब, जरा दम धरा." साहेब चक्क गप्प झाले. सुई बसल्यावर त्याच म्हणाल्या, "हां, बोला आता." साहेबांना मात्र आपण काय बोलत होतो ते आठवेना.

चहा त्या बशीत ओतून, बशी बराच वेळ तळव्यावर धरून प्यायच्या. कामाला लागण्याआधी बोटं ऊबदार करायची ही त्यांची रीत. थंड बोटाला काही सांगत नाही कातडी, असं त्यांचं म्हणणं. बशी हातात आणि नजर खिडकीबाहेर, ज्वारीच्या रानापलीकडे कुठंतरी. अशा वेळी हाक मारली तर त्या लांबून चालत आल्यासारख्या ओ द्यायच्या. कुठं जात असतील, मला कधी कळलं नाही. माझ्या आठवणीत त्या दवाखान्यात सदैव दुपारच असते आणि गया सिस्टर बशी घेऊन खिडकीत उभ्या असतात.

एकदाच त्यांनी स्वतःहून काही सांगितलं. कणीक मळता मळता. नव्या नोकरीत असताना एका तान्ह्या लेकराच्या हातात सुई घातली, टोक कुठं आहे ते कळत नव्हतं, पण वरचे डॉक्टर घाई करत होते म्हणून औषध ढकललं. ते गेलं धमनीत. लेकराची दोन बोटं काळी पडली आणि पुढं काढावी लागली. "त्याची माय मला काई म्हनली न्हाई," गया सिस्टर म्हणाल्या. "मला नर्सबाई नर्सबाई म्हनतच ऱ्हायली." त्यांनी कणीक पुन्हा पाणी लावून मळायला घेतली आणि मी कंदिलाची वात उगाच वर-खाली केली.

माझ्या तिसऱ्या वर्षी एका सकाळी त्यांनी उकळत्या पाण्यातून काचेची सिरिंज चिमट्याशिवाय, सरळ बोटांनी उचलली. त्या शांतपणे सिरिंज ट्रेमध्ये ठेवत होत्या आणि मी ओरडले. त्यांनी बोटांकडे पाहिलं. तीन बोटांना फोड येत होते. मला त्यांचा चेहरा अजून दिसतो. दुखल्याचा नव्हता तो, घरात चोर शिरलाय हे कळल्याचा होता.

त्यांना शुगर होतीच. आता बोटांची टोकं बधिर होत चालली होती. मलम लावताना मी धीराचं काहीबाही बोलत होते. त्यांनी मला थांबवलं.

"बाई, एक काम करा माझं. ज्या दिवशी माझी सुई हारपल त्या दिवशी मला सांगायचं. मला कळनार न्हाई, बोटं लबाड झाल्यावर कसं कळंल? तुमी बगायचं अन् सांगायचं. चारचौघात सांगा, चालंल. पन सांगायचं. मी त्याच दिवशी सुई खाली ठिवते."

"सांगेन की," मी म्हणाले. शब्द द्यायला काय लागतं?

त्यानंतर वर्षभर मी त्यांच्या प्रत्येक सुईवर डोळा ठेवला. त्या जास्त सावकाश काम करायला लागल्या होत्या. बोटांच्या टोकांऐवजी बोटांच्या पाठीनं चाचपायच्या, कधी मनगटानं. चुकत मात्र नव्हत्या. मग एका मंगळवारी त्या एका मुलाला सलाईन लावत होत्या आणि मी समोर उभी होते. सुई आत गेली, थांबली, पुढं गेली, आणि मला स्पष्ट दिसलं की त्यांना टोक कुठं आहे ते माहीत नाही. त्यांनी सलाईन सोडलं. मुलाचं मनगट फुगायला लागलं. लगेच लक्षात येऊन त्यांनी सुई काढली, गरम ओल्या फडक्यानं शेकलं, दुसऱ्या हाताला नीट लावलं. नुसतं मिठाचं पाणी ते, मुलाला काही झालं नाही. त्यांनी वर माझ्याकडे पाहिलं. मी हातातला केसपेपर वाचत राहिले.

का सांगितलं नाही? मला त्या फार आवडायच्या, हे खरं कारण. बाकीची कारणं मी मागाहून जमवली. निवृत्तीला दीडच वर्ष राहिलंय, एकदा तर कुणाचंही होतं, पोराला कुठं काय झालं. मी रात्री नीट झोपलेसुद्धा.

त्याच आठवड्यातल्या शुक्रवारी जवळच्या वाडीवरची चंद्रकला आली. वय वीसेक, घरी बाळंत झालेली, रक्त थांबत नव्हतं. आम्ही औषध देऊन रक्त बरंचसं आटोक्यात आणलं, पण अंगात काही उरलंच नव्हतं. शिरा चिकटून गेल्या होत्या. कशीबशी एक बारीक सुई बसवली आणि तिला जीपमध्ये घालून परभणीला निघालो. मी, गया सिस्टर आणि चंद्रकलाची सासू. त्या दिवशी आंदोलनामुळं वाहतूक बंद होती. वाटेत रस्त्यावर दगड मांडून पोरं बसली होती. त्यातला एक आत डोकावला आणि मागं वळून म्हणाला, "गया सिस्टर हाय रे. उचला दगडं." दगड उचलले गेले. पण खड्ड्यांत जीप आदळून ती बारीक सुई निघाली होती, हे आम्हाला परभणीत पोचल्यावर कळलं.

ज्या दवाखान्यात नेलं तिथं रक्ताची बाटली तयार होती. ती द्यायला शीर नव्हती. कातडी कापून शीर उघडी करणारे सर्जन नांदेडला अडकले होते. मी दोनदा प्रयत्न केला. चंद्रकलाचे ओठ पांढरे पडले होते आणि ती कुणाला तरी बारीक आवाजात "आले, आले" म्हणत होती. तिची सासू गया सिस्टरांचे पाय धरायला वाकली.

गया सिस्टरांनी सुई घेतली. कोपराच्या वर, आतल्या बाजूला खोल शीर असते, ती त्या शोधत होत्या. डोळे मिटले. बोटांची पाठ फिरवली. सुई आत गेली, थोडी पुढं गेली. मला मंगळवारचं ते फुगलेलं मनगट दिसत होतं. आणि त्या थांबल्या. पंखा फिरत होता, बाहेर कुणीतरी बादली ओतली.

"बाई," त्या म्हणाल्या, "मला टोक कळंना झालंय. तुमी धरा."

त्यांनी सुई मागं घेतली, कापूस दाबला आणि माझ्या हातात नवी सुई दिली. सगळ्यांसमोर.

तिथं सोनोग्राफीचे एक तरुण डॉक्टर होते. पोटातलं मूल बघायचं यंत्र त्यांनी नुकतंच आणलं होतं. ते म्हणाले, "यकृतातला पू मी पडद्यावर सुई बघत काढतो. शीर बघू या का?" यंत्र ढकलत आणलं. वरवरचं त्यात दिसत नाही म्हणून त्यांनी रबरी हातमोज्यात सलाईन भरून गाठ मारली, तो फुगा दंडावर ठेवला आणि त्याच्यावर यंत्राचा दांडा. खिडकीचे पडदे ओढले. भरदुपारी खोलीत पहाट झाल्यासारखं वाटलं. पडद्यावर राखाडी धुकं हलत होतं आणि त्या धुक्यात दोन काळी वर्तुळं शेजारी शेजारी. एक ठोके देत होतं, ती धमनी. दुसरं स्वस्थ पडून होतं.

"ही व्हय?" गया सिस्टर कुजबुजल्या. तीस वर्षं जिला बोटांनी ओळखलं ती त्यांना पहिल्यांदाच दिसत होती. आपण कुठं आहोत हेच त्या घटकाभर विसरल्या असाव्यात. "निजलीय बगा ही. अन् ती शेजारची जागी हाय."

मी सुई घातली. धुक्यात एक पांढरा ठिपका चमकला, निजलेल्या वर्तुळाच्या जरासा वर.

"थोडं पुढं," सोनोग्राफीचे डॉक्टर म्हणाले. मी ढकललं. ठिपका होता तिथंच. "आणखी." मी ढकललं. ठिपका तिथंच. रक्त नाही. "जवळच आहे, ढकला, वेळ नाही आपल्याकडे."

"थांबा!"

गया सिस्टर पडद्याकडे बघत नव्हत्या. त्या माझ्या हाताकडे बघत होत्या.

"बाहेर किती उरली बगा. नखाएवढी. एवढी सुई आत गेली अन् ठिपका वरच कसा ऱ्हायला? ते टोक न्हाई, बाई. ते सुईचं मधलं अंग हाय. टोक कवाच म्होरं गेलंय."

चंद्रकलाचं "आले, आले" आता ऐकू येत नव्हतं. थांबणं किती जड असतं ते मला त्या वेळी कळलं. माझं सगळं अंग ढकल म्हणत होतं.

"डॉक्टरसाहेब, तुमचा दांडा सरकवा. हळू. सुई जिकडं गेली तिकडं. बाई, तुमी हलू नका."

दांडा कणाकणानं सरकला. पहिला ठिपका विझला नाही, नुसता खाली खाली जात राहिला. मग एका जागी तो दिसेनासा झाला, आणि दांडा केसभर मागं आणताच पुन्हा चमकला. ते टोक. निजलेल्या वर्तुळाच्या बाजूनं ते पलीकडं निघून गेलं होतं आणि जाग्या वर्तुळाला टेकलं होतं. दर ठोक्याला ते इवलंसं हलत होतं.

"मागं," गया सिस्टर म्हणाल्या. "टोक दिसतंय तवर मागं. दिसंना झालं की दांडा थांबवा, सुई थांबवा. हां. आता इकडं कलवा." त्या बोलत होत्या आणि मी करत होते. टोक वर आलं, वळलं, निजलेल्या वर्तुळावर येऊन टेकलं. वर्तुळ दबलं, खोलगट झालं आणि एकदम पूर्ववत गोल झालं. ठिपका त्याच्या आत होता. नळीत रक्त आलं.

बाटली लागली. सलाईन लागलं. तासाभरानं चंद्रकलानं डोळे उघडून पाणी मागितलं. तिच्या सासूनं आम्हा तिघांवरून बोटं ओवाळून आपल्या कानशिलावर मोडली, सोनोग्राफीच्या यंत्रावरूनसुद्धा.

परत येताना ऊन कलतं होतं. दगड रस्त्याच्या कडेला लागले होते, पोरं घरी गेली होती. मी भलतीच खुशीत होते, बडबडत होते. गया सिस्टर हात मांडीवर उताणे ठेवून बाहेर बघत होत्या. बोरीचा फाटा गेल्यावर त्यांनी विचारलं, "मंगळवारी त्या लेकराला लावताना माझी सुई हारपली हुती. तुमी समोरच हुता. दिसलं हुतं तुमाला?"

खोटं बोलता आलं असतं.

"हो."

"मग?"

त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

"आज मी डोळे मिटले तवा मला वाटलं, बाईंनी काई सांगितलं न्हाई, म्हंजे बोटं अजून शाबूत हायत," त्या म्हणाल्या. "त्या पोरीच्या दंडात सुई घातली ती तुमच्या भरवशावर."

एवढंच. पुढं त्या विषयावर त्या कधीही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी सुई हातात धरली नाही. ड्रेसिंग केलं, लसीचं रजिस्टर लिहिलं, नव्या मुलींना कणकेचा हात करून शिकवलं. माझ्याशी पूर्वीसारख्याच वागल्या, बशीतला अर्धा चहा द्यायच्या. निवृत्तीच्या दिवशी नारळ आणि लुगडं घेऊन एसटीनं गावी गेल्या. मी पुढं अनेक वर्षं तेच काम केलं, यंत्रं चांगली येत गेली, पडद्यावर सुया लख्ख दिसायला लागल्या. तरी आजही कुणी ठिपक्यावर भुलून ढकलायला लागलं की मी "थांबा" म्हणते. त्यात चंद्रकलाचा दंड असतो आणि मंगळवारचा तो केसपेपरही असतो.

निवृत्तीनंतर त्यांना मी एकदाच भेटले. नोकरी संपवून नाशिकला जायच्या आधी मुद्दाम चारठाण्याच्या बाजूला उतरले आणि विचारत विचारत त्यांच्या भावाच्या मेंढवाड्यावर गेले. मेंढरं सावलीला बसली होती. गया सिस्टर बाजेवर होत्या, बारीक झालेल्या, पायाला पट्टी. मला बघून त्या सरकून बसल्या आणि म्हणाल्या, "या बाई, दुपारीच आलाव ते बरं केलं." माशा, मेंढरांचा रवंथ, ऊन. माफी मागायची म्हणून मी सगळी वाक्यं जुळवून आणली होती आणि त्यातलं एकही तोंडातून निघेना.

त्यांनी माझा हात ओढून मांडीवर घेतला. डोळे मिटले. बोटांची टोकं माझ्या मनगटावर ठेवली, मग बोटांची पाठ, मग पुन्हा टोकं. मी श्वाससुद्धा जपून घेत होते.

"बोटाला लागंना काई," त्या म्हणाल्या, आणि हात तसाच ठेवला.